घुमटाखालचा गोल दिवाणखाना

प्रिय दादा,

माझ्या लेकीच्या लग्नासाठी जागा बघायला काल बाबांना घेऊन एका जुन्या हवेलीत गेले होते. तिथली दालनं आता समारंभांना देतात. जेवणघरात छतापर्यंत आरसे, जिन्याचे कठडे लोण्यासारखे गुळगुळीत. मी आ वासून बघत होते आणि बाबा "पंखे कुठायत?" म्हणून कुरकुरत होते.

मग जागा दाखवणाऱ्या बाईंनी गोल दिवाणखाना उघडला. वरचा घुमट इतका उंच, की बघता बघता मान अवघडली. दमलेले बाबा दारापाशी भिंतीला टेकून बसले. मी फिरत फिरत पार पलीकडे गेले, भिंतीवरची नक्षी बघायला वाकले, आणि बाबांचा आवाज थेट माझ्या कानात आला.

"ठोंब्या, किती रे लांब गेलास? ये की आता."

मी दचकून वळले. बाबा तिकडे, दूर, भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होते. तू घर सोडल्यापासून तुझा विषय निघाला की ते ताटावरून उठतात, आणि इथे तुझं लाडाचं नाव!

"ही भिंत कुजबुजसुद्धा पलीकडे पोचवते," माझ्यामागून आलेल्या बाई हळूच म्हणाल्या.

बाबांना मी काही बोलले नाही. हे पत्रही टाकणार नाही, कारण ते शब्द माझ्यासाठी नव्हतेच. संध्याकाळी तुला फोन करून एवढंच सांगेन, की जागा ठरली, लग्नाला ये. आलास की तुम्हा दोघांना त्या दिवाणखान्यात समोरासमोरच्या भिंतींशी बसवीन. बाकीचं ती खोली बघून घेईल.

तुझी,
धाकटी