सज्ज्याचा कठडा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे आल्यापासून माझ्या हातून झालेली कामं: खिडकीची कडी, खाटेचा एक पाय, जिन्याची डुगडुगणारी पायरी आणि सज्ज्याचा अख्खा कठडा. कुणाकडे शिकायला गेलो नाही, पण घरमालकाने तोंडात बोट घातलं.

माझी लेक एकटी फिरायला निघून ज्या खोलीत उतरली, तीच मी मागून घेतली. ती गेल्यावर तिचं सामान आवरायचं होतं. गल्ली जुनी, दिवेलागणीला दारं बंद. शांत आहे म्हणूनच ही जागा धरली, असं तिने तुला लिहिलं होतं. आता गल्लीतले म्हणतात, एकटी पोरगी, चढून बसली असेल कठड्यावर, म्हणून पडली. मी उरलेला कठडा तपासला, ताई. दांडे खाचेत बसवलेलेच नव्हते. नुसते खिळे ठोकून वर रंग फासलेला. ती फक्त टेकली असणार.

तसलं काम डोळ्यांसमोर ठेवून बसवेना. सगळं उतरवलं, सागाचा नवा केला. लाकूड घरमालकाने मागताक्षणी आणून दिलं. सोमवारी चौकशीचे साहेब जागा पाहायला येतील, त्यांना सगळं सांगीन.

माया आहे तशीच ठेव.
तुझा धाकटा भाऊ


दि. ७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अरे शहाण्या, साहेब येऊन बघणार काय, तुझी कारागिरी? लग्नात जेवायला बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाहणारा तू. दुसऱ्याचं वाईट काम तुला सोसत नाही, ठाऊक आहे; पण सोमवारपर्यंत कळ काढायची होतीस. तो मोडका कठडाच पोरीच्या बाजूने बोलला असता. त्याचे तुकडे असतील तिथून उचल आणि खोलीत कुलपात ठेव. दाजीही हेच म्हणतात.

जेवतोस ना? उपाशीपोटी भांडू नकोस.

जिवाला जप, आमच्यासाठी तरी.
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाती पडलं तेव्हा सोमवार होऊन गेला होता. तुकडे मी परसात नीट रचले होते, मोठे खाली, लहान वर. घरमालकिणीने ते बंबात घातले. म्हणाली, इतके नीट रचलेले, जळणच वाटलं.

साहेबांनी कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. केसभर हलला नाही. मी सांगितलं, हा मी केलेला, नवा आहे. घरमालक म्हणाला, यांनी फक्त रंग दिला, दुःखाने डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्यांचं. समोरच्या शिंप्याने रोज माझी करवत ऐकली होती. त्याला विचारलं, तर म्हणाला, आपलं लक्ष मशीनवर असतं. साहेबांनी लिहून घेतलं, कठडा भक्कम आहे. ताई, ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरमालक खोलीवर आला. कठडा पहिल्यापासून हाच होता आणि पोर स्वतःच्या चुकीने पडली, एवढं लिहून सही द्या, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्याचं म्हणणं.

मी अजून इथेच आहे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा भाऊ

ता. क. सहीचे तो दोन लाख देत होता. मी नको म्हटलं.