चित्र वाळेपर्यंत

मी, श्यामकांत नरहरी बक्षी, वय एकोणऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार तात्यापारा, रायपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके शाबूत असल्याचे त्यांनी लिहिले आहे. किती कंटाळलो आहे, ते त्यांनी विचारले नाही.

१. बँकेतील ठेव मुलगा अनिमेष व मुलगी ज्ञानदा यांनी निम्मी-निम्मी घ्यावी.

२. ब्रश, पॅलेट आणि रिकामे होईल तेव्हा इझल माझी जुनी विद्यार्थिनी गंधाली हिला द्यावे. काळ्या रंगाची ट्यूब तिने शोधू नये. रात्र निळ्या आणि तपकिरी रंगातून होते, हे तिला अजून पटलेले नाही.

३. मेणबत्तीच्या उजेडातली माझी तैलचित्रे दोन्ही मुलांनी वाटून घ्यावीत. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलवाल्याने "मास्टरजी, इसमें थोड़ी लाइट बढ़ा दो" म्हणून चित्र परत पाठवले होते. त्याच्या घरी एकही चित्र फुकटसुद्धा जाऊ नये.

४. या सर्व चित्रांतली बाई म्हणजे माझी पत्नी कै. विजया. ज्योतीआड हात धरून ती तासन्‌तास बसे आणि कुरकुरे, "काहून मले अंधारात बसवता? हात भरून आला न माझा!" तरी हात हलवत नसे. तिच्या तेरवीच्या पंगतीत अनिमेषने घर बिल्डरला देण्याचा विषय काढला. ज्ञानदा भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून बहीणभावांचे बोलणे बंद आहे. शंकर नगरहून अनिमेषचा फोन येतो, "बाबा, तिले सांगून द्या, बिल्डर थांबणार नाही." ती म्हणते, "भैया से आप ही बोलिए, बाबा." इकडचे तिकडे पोचवून मी थकलो. मला याचे फार वाईट वाटते.

५. राहते घर दोघांच्या नावे समान. मात्र इझलवर विजयाचे शेवटचे चित्र आहे. ती गेल्यावर ते आठवणीने रंगवले. ते पूर्ण वाळून त्यावर वॉर्निश चढेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, बिल्डरलाही देऊ नये. त्यानंतर दोघांनी ठरवावे. माझी हरकत नाही.

६. चित्र वाळले की नाही, ते दर अमावास्येला दोघांनी मिळून पाहावे. ट्यूबलाइट बंद करून एकाने मेणबत्ती बाजूने धरावी, म्हणजे ओली जागा चमकते. दुसऱ्याने तिथे अंगठा हलकेच टेकवावा. एकट्याने करू नये, मेण चित्रावर सांडते. कोणाला किती दिसले, ते एकमेकांना तोंडाने सांगावे. निरोप चालणार नाही. दोघेही 'वाळले' म्हणतील तेव्हाच ते वाळले असे समजावे.

७. असे चित्र एरवी वर्षभरात वाळते. परंतु शाळेत ज्यासाठी मुलांवर ओरडत असे, तेच मी या चित्रातल्या अंधारात केले आहे: रंग लवकर वाळू न देणारे जवसाचे तेल सढळ हाताने ओतले आहे. किती अमावास्या लागतील, मला सांगता येणार नाही. विजयाला घाई नाही.

साक्षीदार: नीलेश मुळे (शेजारी), क्षमा दाणी (शेजारीण). दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

रायपूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सही: श्यामकांत न. बक्षी

डाव्या अंगठ्याचा ठसा शाईबरोबर थोडा तपकिरीही उमटला आहे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी. आज सकाळीच पाहिले. चित्र अजून ओले आहे.