गयेला सोडलेला आंबा

प्रिय शैला,

उद्या अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा पितृपक्षातला हा दिवस मी कॅलेंडरवर इतकी वर्षे वाचत आलो, पण तो आपल्या घरी पाळावा लागेल असे कधी मनात आले नव्हते. रेडिंगचे गुरुजी सकाळी येणार आहेत. पानावर काय काय वाढणार, असे त्यांनी आज फोनवर विचारले आणि एका पदार्थापाशी मी अडखळलो. त्याविषयी तुझ्याशी बोलल्याखेरीज मला उद्याचे पान मांडता येणार नाही. म्हणून हे पत्र.

केतकी कालच कार्डिफहून आली. जानेवारीतल्या आपल्या सहलीचे फोटो तिने छापून आणले आहेत आणि जेवणाचे टेबल त्यांनी भरून गेले आहे. "बाबा, हे कुठला टेंपल आहे? मागे लिहून द्या ना, मला सगळे सेमच दिसतात." मी लिहून देतो आहे: देऊळ, गाव, वार. अशा कामात माझी चूक होत नाही, हे तू जाणतेस. पण बहुतेक फोटोंत तू उभी आहेस, शैला. तुझ्याविषयी मागे काय लिहू?

हा कलकत्त्याचा. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या पायऱ्यांवर तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस. "या बाईंच्या देशात आपण आयुष्य काढलं, तिथे कधी यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि आता भेटायला इतक्या लांब आलो!" तू हे इतक्या मोठ्याने म्हणालीस, की शेजारचे बंगाली गृहस्थ मराठी न समजताही हसले.

पार्क स्ट्रीटच्या जुन्या इंग्रज दफनभूमीतले फोटो मी तुझ्या मागून चालताना काढले होते, त्यामुळे त्यांत तू पाठमोरी आहेस. शेवाळलेले मनोरे, दगडी घुमट, आणि त्यांखाली विशी-पंचविशीत गेलेल्या गोऱ्या बायका. तू प्रत्येक शिळेपाशी थांबत होतीस आणि मला वाचून दाखवायला लावत होतीस.

"घरापासून इतक्या लांब येऊन गेल्या बिचाऱ्या. आपलं कसं होणार हो?"

"बेसिंगस्टोकच्या क्रेमॅटोरियमची व्यवस्था चांगली आहे," मी म्हणालो. मला वाटले, तू माहिती विचारते आहेस!

तू कपाळाला हात लावलास. "आणि नवऱ्यांनी केवढं केवढं बांधलंय पाहा. तुम्ही काय बांधाल?"

"आधी कौन्सिलकडे प्लॅनिंग परमिशन मागावी लागेल."

तू हसत हसत एका कबरीच्या कठड्यावर बसलीस आणि पुन्हा दचकून उठून तिला नमस्कार केलास. आज तुझ्या नावाची पितळी पट्टी क्रेमॅटोरियमच्या बागेत गुलाबाच्या एका झुडपापाशी आहे. त्या पट्टीवर नाव आणि दोन तारखा, एवढेच मावते. मी काहीच बांधले नाही, शैला.

कोणार्कला वाटाड्याने दगडी चाकाच्या आऱ्यापाशी बोट धरून सावलीवरून वेळ सांगितली. मी माझे घड्याळ पुढे केले आणि फरक दाखवला. "सर, आप अपनी घड़ी दिखा लीजिए," तो शांतपणे म्हणाला. तू त्याच्याच बाजूची! "इतकी शतकं उन्हात उभं आहे ते चाक. थोडी मिनिटं सोडा की त्याला!" तुला तिथेच, गवतावर, सूर्य कलेपर्यंत बसायचे होते. आपण बसलोही. त्या संध्याकाळचा फोटो नाही, कारण मीही तुझ्या शेजारी बसलो होतो.

पुरीला मात्र केतकीसाठी मुद्दाम फोटो काढून घेतला होतास. देवळात कॅमेरा चालत नाही, म्हणून तो आपण महाप्रसाद घेऊन समुद्रावर गेलो तिथला. मातीच्या मडक्यातला भात आणि डाळ-भाज्यांचा डालमा तू दोनदा वाढून घेतलास आणि बोटे चाटलीस. हा फोटो माझ्याने टेबलावर ठेवून देववत नाही. ज्या पोटाने त्या दिवशी इतके आनंदाने अन्न घेतले, त्यात तेव्हाच काय वाढत होते? मी समोर बसलो होतो. मला काहीच कसे दिसले नाही?

आणि हा शेवटचा. गया.

माझ्या आईवडिलांचे पिंडदान झाल्यावर आपण अक्षयवटाखाली गेलो. आवडीचे एक फळ आणि एक भाजी इथे कायमची सोडायची, मनातले मागणे मागायचे, मग विधी पुरा, असे पंड्याने सांगितले. मी दुधी सोडला आणि फळांपैकी पपनस.

"अहो, दुधी तुम्ही खाल्लात कधी? गयेला येऊन देवाकडे डिस्काउंट मागता!"

पंड्याही हसला. "माताजी, आप बोलिए. जो सबसे प्यारा हो."

तू डोळे मिटलेस. फोटोत तशीच आहेस: हात जोडलेले, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, ओठ किंचित हलत असलेले. डोळे उघडून म्हणालीस, "आंबा."

मी थक्क झालो. दर मे महिन्यात हापूसच्या पेट्यांसाठी मला वेम्बलीपर्यंत गाडी हाकायला लावणारी तू! "अगं, पेरू सांग, सीताफळ सांग. तिकडे मिळतं कुठे नीट सीताफळ?" पण तू ऐकले नाहीस. काय मागितलेस, तेही सांगितले नाहीस.

मार्चमध्ये निदान झाले. मे महिन्यात तू हॉस्पिटलमध्ये होतीस आणि अन्नाचा वासही तुला नको झाला होता. काहीही खाऊ द्या, असे डॉक्टर म्हणत. मी वेम्बलीहून पेटी आणली, फोडी करून डब्यात भरल्या आणि वॉर्डात डबा उघडला. कित्येक दिवसांनी तू स्वतःहून मान वळवलीस, दीर्घ श्वास घेतलास. मला वाटले, आता खाशील.

"छान पिकलाय. पण सोडलाय ना मी?"

केतकी रडकुंडीला आली. "आई, इट्स जस्ट फ्रूट! गॉड विल अंडरस्टँड!"

मी वाद घातला. सोडले ते फळ. मिल्कशेक हे पेय आहे, आम्रखंड हे पक्वान्न आहे, त्यांना तो नेम लागू होत नाही. आयुष्यात इतक्या कळकळीने मी कोणतीही बाजू मांडली नव्हती. तू डोळे किलकिले करून म्हणालीस, "बी.कॉम. झालात ते यासाठी?" आणि डबा नर्सच्या हाती दिलास. "ओ, इट्स हेवनली, माय लव्ह!" म्हणत ती फोडी खात राहिली आणि तू तिच्या तोंडाकडे पाहत राहिलीस. ती पाहण्याची तऱ्हा मला आजही सहन होत नाही.

केतकी पार्किंगमधली गाडी हलवायला गेली, तेव्हा मी तुला पुन्हा विनवले. त्यावर तू जे बोललीस ते शब्द जसेच्या तसे माझ्यापाशी आहेत.

"मागितलेलं मिळतंय. आता दोन फोडींसाठी ते फिसकटवू?"

"काय मागितलं होतंस?"

"बायका मागतात तेच. तुमच्या आधी. कुंकवासकट."

शैला, हे तू काय केलेस? तुझ्या आईने तसेच मागितले होते, तिच्या आईनेही, म्हणून तूही मागायचे? मी समोरच कॅमेरा धरून उभा होतो. माझे काय होईल, याचा विचार मिटल्या डोळ्यांमागे क्षणभर तरी आला का? आंब्यामुळे कोणी मरत नाही, हे मला कळते. पण तू ते मागितलेस, हे तरी खरे ना? या खरेपणाशी मी कोणापुढे भांडू?

जूनमध्ये तू गेलीस. हिरवी साडी, ओटी, मळवट, सगळे रीतीप्रमाणे झाले. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "भाग्यवान हो, सवाष्ण गेली." मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. त्या भाग्यात माझा वाटा कोणता, हे एकीनेही सांगितले नाही.

या घरात आता मला कोणी "अहो" म्हणत नाही. हाक मारायला माझ्यासाठी दुसरे नावच तुझ्यापाशी नव्हते, आणि आता तेही गेले. मी वेळेवर उठतो, दाढी करतो, ऑफिसला जातो. कशासाठी, ते ठाऊक नाही. जूनपासून मी रक्तदाबाच्या गोळ्या घेत नाही. केतकीला न फोडलेली पाकिटे काल बाथरूममधल्या कपाटात दिसली आणि ती माझ्यावर ओरडली. मी तिच्याशी वाद घातला नाही.

तर आज गुरुजींना विचारले, "तिने गयेला आंबा सोडला होता. उद्या पानावर वाढला तर चालेल का?"

"नेम देहाचा. देह गेला, नेम सुटला. अवश्य वाढा."

"आणि ही नवमी किती वर्षे करायची असते?"

"तुम्ही आहात तोवर. नवरा गेला की अविधवा नवमी थांबते."

फोन ठेवल्यावर मी तुझा गयेचा फोटो पुन्हा हातात घेतला. तुला हे ठाऊक होते का ग? स्वतः आधी जायचे मागून घेतलेस, आणि तुझ्या पानावरचा आंबा मात्र माझ्या श्वासावर टांगून ठेवलास!

उद्या डब्यातला रस आहे. त्याला पत्र्याचा वास येतो, अशी तुझी तक्रार असायची. एवढे एक वर्ष चालवून घे. पुढच्या मे महिन्यात मी वेम्बलीहून पेटी आणीन. रस मी स्वतः काढीन, गुठळी राहू देणार नाही, आणि नवमीपर्यंत फ्रीझरमध्ये जपून ठेवीन. त्यानंतरच्या वर्षीही. मला जगण्याची इच्छा झाली आहे, असे समजू नकोस. तसे काही झालेले नाही. पण तुझे पान रिकामे राहू देणार नाही, असा शब्द देतो.

केतकीने पाण्याचा पेला आणि गोळी समोर आणून ठेवली आहे. घेतो.

तुझा,
श्रीधर