खडीवरची सावली

घाटकोपर,
रविवार

प्रिय अपूर्वा,

तू पाठवलेला आपला घाटकोपर ते मुलुंड मार्ग काल रेल्वे चालवायच्या गेममध्ये चढवला आणि चालवून पाहिला. विक्रोळीचा पादचारी पूल झकास जमलाय. भांडुपच्या फलाटावरचं नळकोंडाळं तर असं केलं आहेस की तहान लागावी. नाशकात बसून तू मुंबईची स्टेशनं करतेस आणि आम्ही रोज त्यांतून जाऊनही त्यांच्याकडे बघत नाही, हे काही खोटं नाही. रूळही आता स्वच्छ दिसतात. खाली तू लिहिलं होतंस, ‘डाग काढला गं बाई एकदाचा, तुला त्रास नको म्हणून मीच काढला.’ त्या डागाबद्दलच हे पत्र आहे. फोन केला असता तर तू लगेच सॉरी सॉरी सुरू केलं असतंस आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं. म्हणून लिहिते आहे. मी रागावलेली नाही. गेलं वर्षभर मी कशावरच रागावलेली नाही, आणि नातेवाइकांची तक्रार नेमकी तीच आहे.

तुला वाटत असेल की तो डाग मी आळसाने ठेवला होता. सुरुवातीला आळसच होता. रूळ करणाऱ्याचं काम कसं असतं ते तुला ठाऊक आहे. लोक गाडी बघतात, स्टेशन बघतात, सिग्नल चुकला तर शिव्या घालतात. रुळाकडे कोणाचं लक्ष गेलं तर समजायचं की आपलं काहीतरी चुकलं. प्रबुद्धला या कामाची फार मजा वाटायची. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढून आलेली बायको घरी येऊन परत कॉम्प्युटरवर रुळांखालचे स्लीपर मांडत बसते, हे तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. ‘लोकांच्या बायका रांगोळी घालतात, आमची खडी घालते.’ पाहुणे हसायचे आणि मी चहा टाकायला उठायचे.

त्या खडीचाच फोटो हवा होता. आधीची खडी मी कुठल्या तरी परदेशी रुळावरून उचलली होती आणि ती इतकी गोरी दिसत होती की गाडी घाटकोपरहून निघाली असं कोणी म्हटलं नसतं. चालू रुळात उतरून फोटो काढणं शक्य नव्हतं. भांडुपला एका बंद पडलेल्या कारखान्यात मालगाडीचा जुना फाटा आहे, तिथे प्रबुद्धच्या ओळखीने गेलो. काशीराम नावाचा वॉचमन होता. आम्ही टेप लावून रुळांतलं अंतर मोजतोय हे बघून त्याची खात्रीच पटली की इथे टॉवर येणार, आणि आम्ही निघेपर्यंत तो प्रबुद्धला एका वन बीएचकेसाठी गळ घालत होता. असे फोटो ढगाळ दिवशी काढायचे असतात, म्हणजे सावल्या पडत नाहीत. तो एप्रिल होता, ऊन मी म्हणत होतं आणि मला धीर नव्हता. प्रबुद्ध आपला फोन फोटोसाठी माझ्या हातात देऊन, लांब काळी छत्री उघडून खडीवर सावली धरून उभा राहिला. हात दुखतोय, हात दुखतोय, असं त्याचं सारखं चालू होतं. मी म्हटलं, लिफ्टच्या मोटरी उचलणाऱ्याचा हात छत्रीने दुखतो का? तो म्हणाला, मोटर खाली ठेवता येते. त्या बोलण्यात हात हलला असणार. फोटोच्या कडेला छत्रीची वाकलेली काडी आणि तिच्याखाली त्याचं डोकं, एका कानासकट, खडीवर सावली होऊन उमटलं.

मला ते दिसलं नाही. फोटो एकटा बघितला तर खडीत ओल आहे असंच वाटायचं. पण आपण एकच तुकडा करून तो एकापुढे एक जोडत जातो ना, तसा जोडल्यावर ती काळी खूण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सारख्या अंतराने येत राहिली. मी कपाळाला हात लावला. प्रबुद्ध मात्र खूश झाला. ‘सगळे मोटरमन माझ्या डोक्यावरून गाडी नेणार. तू तर रोजच नेतेस.’ खेळणाऱ्यांनी लगेच विचारायला सुरुवात केली, ताई, रुळावर तेल सांडलंय का? तूही ते दुरुस्तीच्या यादीत लिहून ठेवलंस. पुसायला अर्धा तास लागला असता. पण तो म्हणायचा, राहू दे गं, आयुष्यात एकदाच कुठेतरी छापून आलोय. तो आमचा घरातला विनोद होता. घरातला विनोद कोणी बाहेर समजावून सांगत बसत नाही, म्हणून तुला सांगितलं नव्हतं.

तो गेला तेव्हा तू आली होतीस. सकाळी कामावर जायला निघाला, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात टेकला तो उठलाच नाही. लिफ्टवाला माणूस जिन्यात गेला, असं माझ्या मनात आलं, आणि पाठोपाठ हेही आलं की हे त्याला सांगायला हवं, तो हसेल. त्यापलीकडे काही आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मी त्याच महिन्यात कामावर गेले. सगळे म्हणाले धीराची आहे. धीर कसला, अपूर्वा? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं. त्याचे शर्ट घड्या घालून मी गावाकडे पाठवले. दिराच्या सम्यकला कॉलेजसाठी फोन हवा होता, तर प्रबुद्धचा फोन पार पुसून, कोरा करून त्याला दिला. जलदान विधीला आणलेली भाड्याची भांडीसुद्धा तेव्हा परत गेली नव्हती. चुलतसासूबाई दाराआड म्हणाल्या, सुनेच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी ते ऐकलं आणि त्यांना चहा नेऊन दिला. त्या वर्षात मी तुला विक्रोळीचे सगळे सांधे आणि भांडुपची वळणं करून पाठवली. तू कौतुक केलंस. इतकं काम मी तो असताना कधी केलं नव्हतं.

आता आईंचं सांगते. माझ्या सासूबाई, शकुबाई. तू त्यांना कोपऱ्यात बसलेलं पाहिलं असशील. लेक गेल्यावर त्या बोलेनाशा झाल्या होत्या. एकदा मी रूळ तपासायला गाडी चालवत होते आणि त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, हे काळं काय येतंय गं मधेमधे? मी सांगितलं. साडीच्या काठावर एकच बुट्टी पुन्हा पुन्हा असते तसं आहे, हेही सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणजे तो सगळीकडे आहे म्हण की. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की त्या खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, चालव. जरा वेग वाढला की, हळू घे. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे, त्याकडे त्या फारशा बघत नाहीत. त्या फोटोत तो फोटोवाल्याकडे बघतोय. इथे तो माझ्यासाठी छत्री धरून उभा आहे, आणि हे मला आधी आईंना कळलं म्हणून कळलं. अख्ख्या मुंबईत गाडी सोडून रूळ बघणारं एकच माणूस आहे आणि ते आमच्या घरात आहे.

काल संध्याकाळी तुझी नवी आवृत्ती चढवून मी गाडी सोडली. डाग काढलाय हे तू लिहिलेलं मी वाचलं होतं, पण वाचलेलं आत पोचायला मला हल्ली वेळ लागतो. विक्रोळी गेलं. आईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. कांजूरमार्ग गेलं. खडी अशी स्वच्छ की कोणीही तुझं कौतुकच करेल. भांडुपच्या अलीकडे त्यांनी विचारलं, ‘आज ऊन नाही पडलं का गं?’ मी म्हटलं, ढग आलेत आई. त्या म्हणाल्या, ‘असू दे. तेवढाच त्याच्या हाताला आराम.’ मी ब्रेक लावायला हवा होता. मुलुंड आलं आणि गेलं, पुढे आपण काहीच केलेलं नाही, तिथे रूळ संपतो, तिथून गाडी खाली पोकळीत गेली आणि मी बघत राहिले. मग मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, शेजारच्या माधुरीताई दार वाजवून गेल्या. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, झालं, झालं, आता झालं.

तू केलंस ते बरोबरच केलंस. लोकांसाठी स्वच्छ रूळच बाहेर जाऊ दे, डाग तो डागच. पण काल चढवताना ‘जुन्याच्या जागी नवं ठेवू का’ असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मी हो म्हटलं. वर्षभर मी सगळ्यालाच हो म्हणते आहे. माझ्याकडचा तो तुकडा गेला, आणि मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो मी माझ्या हाताने पुसून दिला आहे. तुझ्याकडे जुना कुठे पडून असेल तर शोध ना गं. कचऱ्यात टाकला असशील तर तिथेही बघ. तोपर्यंत मी आईंना रोज ढगांचं सांगेन. पण त्या आयुष्यभर शेतात राबलेल्या आहेत, ढग किती दिवस राहतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तुझीच,
गंधाली