माझ्यामागे खुर्ची रिकामी राहू नये म्हणून

मी, शिवणकाम करणारी, विधवा, वय वर्षे चोपन्न, मूत्रपिंडे निकामी पण डोके शाबूत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने लिहून ठेवते. स्वखुशीने हा शब्द वकिलांनी घालायला लावला. खुशी कसली? मला मरायचे नाही.

कलम १. राहती खोली मुलीला. कपाटामागची भिंत ओल धरते, तिकडे लक्ष द्यावे.

कलम २. शिलाई मशीन काजे-बटणे करणाऱ्या माझ्या मदतनीस बाईला. तेल घाल म्हटले की ती तोंड वाकडे करते. आता सांगायला मी नसेन, तिचे तिने घालावे.

कलम ३. दुकान द्यायला उरलेले नाही. ते खासगी डायलिसिस सेंटरने गिळले. माझ्या धाकट्या बहिणीलाही हाच आजार होता. तिच्याकडे विकायला काही नव्हते, ती घरीच गेली. म्हणून सगळ्यांना मोफत उपचाराचा कायदा झाला तेव्हा मी ढसाढसा रडले. तो कायदा चांगलाच आहे. माझ्यामागे माझ्या खोलीत बसून कोणी ‘फुकट केलं आणि वाट लावली’ असे म्हणाले, तर मुलीने त्याला हाताला धरून बाहेर काढावे.

पण कायद्याबरोबर मशिने आली नाहीत. सरकार देते तो दर परवडत नाही म्हणून खासगी सेंटरला कुलूप लागले. आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात आलो, आणि इतकी वर्षे घरीच मरणारेही आले. त्यांनी यायलाच हवे होते. मशिने मात्र होती तेवढीच. माझे आठवड्यातून तीनदा होणारे डायलिसिस दोनदावर आले. मधल्या दिवसांत अंगात पाणी साचते, आडवे झाले की गुदमरते. सिस्टर म्हणतात, ‘मावशी, पाणी कमी प्या.’ घोटभर पिते. त्याहून कमी काय पिऊ?

कलम ४. बँकेतली शिल्लक खासगी सेंटरच्या डॉक्टरांना, एका अटीवर. त्यांची मशिने कुलपाआड प्लास्टिकखाली उभी आहेत, ती या पैशांत सरकारी दवाखान्यात हलवावीत. मी त्यांच्या पाया पडून आले. म्हणाले, ‘बाई, सरकार भाडं ठरवत नाही तोवर माझे हात बांधलेत.’ सरकारी साहेब म्हणतात, आधी डॉक्टरांचा प्रस्ताव येऊ दे. दोघांचेही बरोबर असेल. मी मात्र मरते आहे. डॉक्टर, हे वाचायला माझ्या मरणाची वाट पाहू नका. पैसे आजच न्या.

कलम ५. धाकटे दीर भेटायला आले, चहा पिऊन म्हणाले, ‘वहिनी, तुमचं सगळं बघून झालंय. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर ती लेकुरवाळी पोरगी नंबरासाठी बसून असते, तिला द्या की जागा.’ दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय जाते? त्या मुलीला मी ओळखते, तिच्या बाळाची झबली मीच शिवली. तरी जागा दिली नाही आणि देणार नाही. मला जगायचे आहे. तिलाही जगायचे आहे. डायलिसिसच्या एका खुर्चीत दोघी मावत नाहीत, हा गुन्हा आम्हा दोघींपैकी कोणाचाच नाही. दिरांना काहीही नाही.

कलम ६. हे फक्त मुलीसाठी. माझ्या समोरच्या खुर्चीवरचे मास्तर मागे घरीच वारले. घरच्यांनी साऱ्या नातेवाइकांना कळवले, दवाखान्याला कळवायचे कोणालाच सुचले नाही. सिस्टरनी त्यांचे मशीन लावून ठेवले आणि अख्खी शिफ्ट वाट पाहिली. यादीत नाव असेपर्यंत त्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवता येत नाही. ती बाकावरची मुलगी सुजलेले पाय घेऊन बाहेर बसून राहिली आणि तशीच घरी परतली. मला तेव्हा मास्तरांच्या माणसांचा भयंकर राग आला.

म्हणून, बाळा, मी गेले की पहिला फोन काकांना नको, कोणालाच नको, सिस्टरना कर. रडू नंतर येऊ दे, हवे तेवढे रड. पण सिस्टरनी त्या मुलीला आत बोलावले का, ते विचारूनच फोन ठेव.

सही: केली आहे, उजव्या हाताने. डावा मशीनला जोडलेला आहे.
साक्षीदार: १. डायलिसिसच्या सिस्टर. २. मला ने-आण करणारा टॅक्सीवाला. दोघांनाही यात काही मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालते.
ठिकाण: सरकारी दवाखाना, डायलिसिसची खोली.
दिनांक: आजचा, सोमवार. पुढचे डायलिसिस गुरुवारी.