मागावरच्या खुणा

रविवार, मार्गशीर्षाचा शेवटचा आठवडा

आप्पा, फार दिवसांनी लिहितेय, आधी त्याबद्दल माफ करा. वहीत रोज काही ना काही उतरवते, पण तुम्हाला उद्देशून दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही. दादा आणि मी बोलत नव्हतो, आणि ते तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. आता बोलतोय.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या पुण्यतिथीला दादाने पुण्याहून घरच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकला. ग्रुप म्हणजे फोनवरची बैठकच. आपले चाळीसेक नातेवाईक त्यात बसलेले असतात, एक जण काहीतरी लिहितो आणि बाकीचे हात जोडतात. फोटोखाली दहा-बारा ओळी होत्या. ‘माझे बाबा म्हणजे माझ्या आयुष्याचा दीपस्तंभ’, अशी सुरुवात. आम्ही तुम्हाला जन्मात कधी बाबा म्हटलं नाही. मी लगेच खाली लिहिलं, ‘आपण त्यांना आप्पा म्हणायचो. आणि त्यांनी हे वाचलं असतं तर विचारलं असतं, दीपस्तंभ कुठल्या कारखान्यात बसवलाय?’ बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यानंतर माझ्या वाढदिवसाला दादाकडून फुलांचं तयार चित्र आलं, दिवाळीला पणत्यांचं. मीही उलट चित्रंच पाठवली. आपण खरं तेच लिहिलं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण तेच खरं दादाला एकट्याला फोन करूनही सांगता आलं असतं. चाळीस जणांत सांगितलं, कारण ते हसरे चेहरे मला हवे होते. एवढं कबूल करायला मला वर्ष लागलं, तेही वहीत.

मागच्या रविवारी दादाने सगळ्यांना फोनच्या पडद्यावर एकत्र बोलावलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. प्रत्येकाची छोटी चौकट, दादा मधोमध, इस्त्रीच्या शर्टात. तो बोलायला लागला आणि आवाजच नाही. मंगळवेढ्याची आत्या तिच्या चौकटीतून ओरडतेय, “आरं, कायबी ऐकू येईना की!” कुणी म्हणतंय बटण दाब, कुणी म्हणतंय फोन बंद करून चालू कर. दादाला वाटलं आपण हळू बोलतोय. तो आणखी जोर लावतोय, मानेच्या शिरा फुगल्यात. मला काय सुचलं कोण जाणे, मी हात वर केला आणि दोन बोटं जुळवून झटकन फाकवली. तुमची खूण: धागा तुटला, माग थांबव.

दादा बोलायचा थांबला.

आप्पा, क्षणात मी तुमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आहे. आम्ही दोघं तुमचा डबा घेऊन आलोय, दारातच मागांचा खडखडाट छातीत शिरतोय, आणि त्या आवाजात तुम्ही पलीकडच्या मागावरच्या तेलुगू मामांशी निवांत गप्पा मारताय, हातांनी. मिशीला पीळ म्हणजे मालक आला. मूठ ओठांशी तिरकी केली की चहा. छातीवर दोन टिचक्या आणि दाराकडे बोट, म्हणजे सुट्टी झाल्यावर बाहेर भेट, सांगतो. आम्ही घरी जेवतानाही असंच बोलायचो आणि आई वैतागायची.

पडद्यावर दादाचा चेहरा उमलला. त्याने सावकाश मिशीला पीळ दिला आणि डोळ्यांनी शेजारी बसलेल्या वहिनीकडे दाखवलं. मला हसू आवरेना. आत्या म्हणाली, “ह्या दोघास्नी काय झालंय?” मग दादाने छातीवर दोन टिचक्या मारल्या आणि दाराकडे बोट केलं.

पंधरा मिनिटांत त्याचा फोन आला.

“काय गं दीपस्तंभ,” तो म्हणाला.

“बोल. मालकिणीनं सोडलं का?”

थोडा वेळ नुसतं हसणं. मग म्हणाला, “ते मी लिवलंच न्हवतं. फोनलाच सांगितलं, वडलांवर धा ओळी लिवून दे. त्यानं दिल्या.”

“आणि बाबा?”

“तेबी त्याचंच. खोडून आप्पा लिवाय गेलो. जमंना. आप्पा लिवलं की पुढचं अक्षर दिसंना. म्हटलं राहू दे बाबा, दुसऱ्याच्या वडलांवर लिवल्यागत सोपं जातंय.” आणि वर, “तू तर समद्यांम्होरं माझी वही तपासलीस.”

“चुकलं माझं, दादा.”

“बरोबरच हुतं की. म्हणून तर राग आला.”

तासभर बोललो. मुलीच्या सासरचे, त्याची साखर, माझे गुडघे, सगळं झालं. पुण्यात इतकी वर्षं काढलेला माणूस माझ्याशी तुमच्यासारखा बोलत होता. फोन ठेवल्यावर आठवलं, एकदा मी मामांच्या मराठीला हसले होते, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून कारखान्याबाहेर आणलं होतं. “त्यो तुला बस म्हणतोय, पाणी देतोय. आन् तू काय ऐकतीस?” म्हणाला होतात. तेव्हा रडले होते. या वेळी आठवून हसले, कारण चाळिशी उलटली तरी मी तीच आहे.

फोनवर माणसं मुखवटे घालून बोलतात, असं मी कितीदा वहीत लिहिलंय. आता ती पानं वाचताना जरा लाज वाटते. माझा भाऊ मला त्याच पडद्यावर सापडला, तोही आवाज बंद असताना.

हे पत्र वहीतच राहील. पण तुमच्यापाशी एक कबूल करते. दादाच्या त्या ओळी मी तेव्हा पुऱ्या वाचल्याच नव्हत्या. पहिल्या दोन वाचून लिहायला धावले. आज दुपारी शोधून शेवटपर्यंत वाचल्या. सातव्या ओळीत, सगळ्या गुळगुळीत वाक्यांच्या मधे, एवढंच आहे: ‘ते हातांनी बोलायचे.’ हे त्या फोनला कुठून ठाऊक असणार?

उद्या: दादाला फोन करून ही ओळ वाचून दाखवणे.