स्वच्छ तंबूंचं तळं

तीर्थस्वरूप दाजी यांस,

उभ्या उभ्या नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण इथे खाली टेकायची हिंमत होत नाही. का, ते पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? ताईचा राग उतरला का? चिमणीचा पुढचा दात आला, की बोलताना अजून शिट्टीच वाजते? मी ठीक आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, पण या वेळी दोष माझ्या अर्धवट शाळेचा नाही. कागद झाडाच्या खोडावर धरून लिहितोय आणि खोड खडबडीत आहे. ताईला सांगा, हसू नकोस.

विषय सुट्टीचा. "या वेळी जागा तू ठरव," असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा मी कारखान्याच्या मागे जाऊन एकटाच हसलो. घरात आजवर मला कुणी भाजी कुठली करू हेसुद्धा विचारलं नव्हतं. म्हणे, या भिंगरीला काय विचारायचं, तो ताटावर बसेबसेपर्यंत उठलेला असतो! (माझी शाळा त्यामुळेच सुटली. मास्तर वाईट नव्हते, बाक वाईट होता.) तेव्हा मी ठरवलं, जागा अशी शोधायची की दाजींनी चारचौघांत माझं नाव काढलं पाहिजे. ताईला डोंगर बघायचे, तुम्हाला होडी वल्हवायची, चिमणीला पळायला मोकळं मैदान, आणि वर पाऊस नको, वारा नको. एवढं सगळं एका जागी म्हणजे चेष्टा नाही.

लोक जागा ठरवतात चकचकीत फोटो बघून. आम्ही तंबू शिवणारे फोटोला भुलत नाही. हंगाम संपला की सगळीकडचे तंबू नि घडीच्या खुर्च्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि तंबू झटकला की जागेचं बिंग बाहेर पडतं. समुद्राकाठच्यांच्या चेन गंजलेल्या, म्हणजे खारी हवा. डोंगरमाथ्यावरच्यांची शिवण उसवलेली, म्हणजे वारा. जंगलातल्यांतून चिखल, मुंग्या आणि एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली. (मालक सापडला नाही. मुकादमानं ती खिडकीत ठेवलीय, आम्ही काम चुकवलं की ती हसते.) पण एका तळ्यावरचे तंबू दर हंगामाला कोरे करकरीत येतात. ना डाग, ना वास, ना उसवलेला टाका. खुर्च्यांची कापडं तेवढी पार लोंबलेली, झोळीसारखी. मी म्हटलं, सापडलं! हवा इतकी झकास की माणसं तंबूबाहेरच बसून राहतात. लगेच तुमच्या नावानं शनिवारची जागा राखून टाकली, तुम्हाला पत्ता कळवला आणि एकदा बघून यावं म्हणून आज सकाळच्या गाडीनं पुढे आलो.

दाजी, जागा सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? तळं असं की कुणी इस्त्री करून अंथरलंय, पलीकडे डोंगर, ऊन कोवळं. फाटकावर हिरव्या टोपीवाल्या एक बाई भेटल्या. "या, दमला असाल, बसा," म्हणाल्या. मी म्हटलं, आधी फिरून बघतो. त्या हसल्या. फार गोड हसल्या, पण हसू संपायला हवं तिथे संपलं नाही.

आधी तंबू बघितले. धंद्याची सवय. आता ही गोष्ट फक्त आमच्या कारखान्यातली आहे: माल पाठवताना दाराची चेन सरकू नये म्हणून मी तिला लाल दोरा बांधतो. लोक तो तोडून आत जातात. (परत आलेला माल हमाल उघडून आमच्यापुढे टाकतो, तेव्हा दोरा राहिला की तुटला ते मला कधी दिसत नाही.) इथे तंबूंची रांगच्या रांग उभी, आणि प्रत्येक दाराला माझा लाल दोरा जसाच्या तसा. एकही तुटलेला नाही. दाजी, तंबू स्वच्छ राहत होते ते हवेमुळे नाही. त्यांत कधी कुणी झोपलंच नव्हतं! मी कोऱ्या कापडावरून हवामान ठरवलं. मुकादमाला कळलं तर तो माझ्या नावानं ती कवळी हसवेल.

माणसं सगळी तळ्याकाठी खुर्च्यांत. एकाच्या खांद्यावर डोंगर चढायचा दोर होता. मी विचारलं, "काय काका, वर जाताय वाटतं?" म्हणाले, "निघालोच की. जरा बसतो आणि निघतो." दोराच्या वेढ्यांतून वेल वर चढला होता, त्याला दोन पिवळी फुलं होती. शेजारच्या काकू एका बुटाची नाडी हातात धरून, "हे एवढं बांधलं की आलेच" म्हणत होत्या, तेही माझ्याकडे न बघता. दुसऱ्या बुटात गवत उगवलेलं. होड्यांच्या वल्ह्यांना कोळ्याची जाळी, आणि त्या जाळ्यांतला कोळीसुद्धा नुसता बसलेला. (मी त्याला काडीनं हलवून बघितलं. त्यानं एक पाय उचलला आणि परत ठेवला. मला तो थोडा तुमच्यासारखा वाटला, रविवारचा. राग मानू नका.)

मग मी पाण्यात बघितलं. पाण्यात डोंगर होते, आकाश होतं, सगळ्या खुर्च्या होत्या. माणसं नव्हती. सगळ्या रांगेत माणूस म्हणून एकटा मी दिसत होतो, उलटा, तोंड उघडं.

मी सरळ फाटकाकडे वळलो. बाई म्हणाल्या, गाडी संध्याकाळी, थांब्यावर कुणी दिसलं तरच थांबते. थांब्यावर काय ठेवलंय, सांगा बघू? खुर्च्या. रिकाम्या, ओळीनं मांडलेल्या, आणि कापडाला माझाच टाका, एक लांब एक आखूड. मुकादम ज्याला लंगडा टाका म्हणतो तो. एवढ्या मऊ दिसतात की काय सांगू! म्हणून मी झाडाला चिकटून उभा आहे. जन्मात पहिल्यांदा माझ्या पायांना बसावंसं वाटतंय. बाई मधूनमधून येऊन "अजून उभेच?" विचारतात. आवाजात माया आहे, आईसारखी, त्यानंच जास्त भीती वाटते.

तर दाजी, शनिवारी येऊ नका. गाडी आली की हे पत्र ड्रायव्हरच्या हातात देतो, तो पोस्टात टाकेल. मी गाडीत चढेन आणि सरळ कारखान्यात जाईन. चिमणीला चिखलाच्या, मुंग्यांच्या, भरपूर पावसाच्या जागी न्या. तंबू मळू द्या. मी शिवून देईन.

तुमचा धाकटा मेव्हणा,
भिंगरी

ता. क. खरी गोष्ट वर लिहायला लाज वाटली. शनिवारपर्यंत माझा फोन आला नाही तर तुम्ही एकटेच या. ताईला, चिमणीला आणू नका. फाटकाच्या आत पाऊल टाकू नका. बाहेरूनच ओरडा, नेहमीसारखं, "ए भिंगरी, ऊठ, तुझ्या बुडाला काय खिळे ठोकलेत?" तुमच्या त्या ओरडण्याचा मला जन्मभर राग आला. पण त्याशिवाय मी कशानं उठेन असं वाटत नाही.

ता. क. दुसरा. अक्षर आता सुबक आलंय ना? ताईला दाखवा. कागद मांडीवर घेतला की बरं लिहिता येतं. वर काय काय लिहिलंय ते मनावर घेऊ नका, पाय दुखत होते म्हणून डोकं फिरलं होतं. शनिवारी सगळेच या. हवा छान आहे. माझ्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि एक छोटीही आहे, चिमणीच्या मापाची. अशी छोटी मी कधी शिवल्याचं आठवत नाही, पण टाका माझाच आहे.

गाडी आली आहे. ड्रायव्हर केव्हाचा हॉर्न वाजवतोय. त्याला म्हटलं, बाबा, पत्र तेवढं घेऊन जा, मी निघतोच. जरा बसतो आणि निघतो.